जवळची वाट कुणाची?

पुणेकरांनी सायकल का सोडली, या प्रश्नाची उत्तरे आमच्याकडे तयार असतात. लोकांच्या हाती पैसा आला, शहर वाढले, अंतरे वाढली, माणसे आळसावली आणि, सर्वांत लाडके उत्तर म्हणजे, आपल्या लोकांना शिस्तच नाही. हे शेवटचे उत्तर पुण्यात कोणत्याही प्रश्नाला लागू पडते, म्हणून ते बाजूला ठेवू. उरलेल्या उत्तरांत तथ्य आहे. परंतु ती सारी माणसाकडे बोट दाखवतात आणि रस्त्याला मोकळे सोडतात. गेली काही वर्षे मी या शहरात आणि, धाकट्या बहिणीकडे राहायला जाते तेव्हा, नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात सायकल चालवते आहे. दोन्हीकडे चालवताना माझे मत असे बनत गेले की, माणूस कोणते वाहन घेऊन घराबाहेर पडेल हे त्याच्या सद्गुणांवर फारसे अवलंबून नसते. जवळची, सरळ आणि बिनधोक वाट शहराने कोणत्या वाहनाला देऊन ठेवली आहे, यावर ते ठरते.

पुणे हे सायकलींचे शहर होते असे आम्ही इतक्यांदा म्हणतो, की ते तसे का होते हे विचारायचे राहूनच जाते. पेठांचे गाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलने सहज ओलांडता येईल एवढेच होते आणि खडकी, कॅम्प, डेक्कन हे त्याचे शेजारीही फार दूर नव्हते. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने गल्लोगल्ली असत, सायकलीला कर भरून बिल्ला लावावा लागे, आणि रात्री दिवा नसला किंवा डबलसीट कुणी सापडले की हवालदार खाली उतरवून चाकांतली हवा सोडून देत असे. या हवा सोडण्याच्या आठवणी आज गमतीने सांगितल्या जातात. मला मात्र त्यात निराळेच काही दिसते. ज्या वाहनावर कर बसतो, ज्याच्या दिव्याची चौकशी होते आणि ज्याच्या डबलसीटवर कायदा आहे, ते वाहन शहराच्या हिशेबात असते. आज दिव्याविना, घंटीविना, उलट्या दिशेने जाणाऱ्या सायकलवाल्याला कुणीही अडवत नाही, याचे कारण सौजन्य नसून तो कुणाच्या खिजगणतीतच नाही, हे आहे.

१९७२ साली कायनेटिकची लूना आली, आकुर्डीहून बजाजच्या स्कूटर निघतच होत्या, आणि ज्यांना परवडले त्यांनी पायडल मारणे थांबवले. त्यात नवल काही नाही. जे पुढे घडले ते मात्र आपोआप घडलेले नाही. वाहने वाढली म्हणून रस्ते रुंद झाले, रुंद रस्त्यांवर वेग वाढला, आणि कोंडी सोडवण्यासाठी लक्ष्मी रस्ता, जंगली महाराज रस्ता, फर्ग्युसन रस्ता असे मुख्य रस्ते एकेक करून एकदिशा झाले. शिवाजी रस्त्याने वाहने दक्षिणेकडे जातात, बाजीराव रस्त्याने उत्तरेकडे. मंडईतून भाजी घेऊन कसब्यात जायचे झाले, तर पायी जाणारा शिवाजी रस्त्याने सरळ निघतो आणि दहा-पंधरा मिनिटांत पोहोचतो. सायकलवाल्याने मात्र नियम पाळायचा म्हटले तर आधी बाजीराव रस्ता गाठायचा, बस आणि रिक्षांच्या गर्दीतून वर जायचे आणि मग वळून यायचे. मोटारसायकलला हा वळसा म्हणजे मनगटाची एक हालचाल असते. सायकलवाल्याला तो पोटऱ्यांनी भरावा लागतो, म्हणून तो एक तर उलट्या दिशेने घुसतो आणि बेशिस्त ठरतो किंवा दुसऱ्या दिवशी स्कूटर काढतो. एकदिशा मार्ग करणाऱ्यांच्या मनात सायकलीविषयी आकस होता असे मला मुळीच वाटत नाही. वाहतूक म्हणजे इंजिन असलेली वाहने, एवढे एकच गृहीत त्यांनी धरले होते, आणि तेवढे पुरले.

नेदरलँड्सचे नाव काढले की लोक म्हणतात, ‘त्यांचे काय, ते पहिल्यापासूनच सायकलवाले.’ हा समज खोडणे अवश्य आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुबत्तेत डच माणसानेही मोटार घेतली, तिथल्या शहरांनीही कालवे बुजवून रस्ते केले, चौकांतल्या मोकळ्या जागा मोटारतळ झाल्या, आणि सायकलस्वारांची संख्या वर्षानुवर्षे घसरत गेली. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक लहान मुले होती. आपली मुलगी अशाच अपघातात गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ मध्ये लिहिलेल्या लेखातून ‘मुलांच्या हत्या थांबवा’ या नावाची चळवळ उभी राहिली. आई-बापांनी रस्ते अडवले, मुले रस्त्यात खेळायला बसली. पुढच्याच वर्षी अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि ४ नोव्हेंबर १९७३ पासून काही रविवार मोटारी बंद ठेवण्याचा सरकारी हुकूम निघाला. रिकाम्या महामार्गांवर लोक सायकली आणि चाकाचे बूट घेऊन उतरले. दुःख, राग आणि तेलाची टंचाई या तिन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या नसत्या, तर डच शहरेही आज आपल्या शहरांसारखीच दिसली असती असे मला वाटते.

यातले मला सर्वांत विचार करण्याजोगे वाटते ते ख्रोनिंगन (Groningen). देशाच्या उत्तर टोकाच्या या विद्यापीठाच्या गावात माक्स फान डेन बेर्ख नावाचा, विशीतच नगरकारभारात आलेला मजूर पक्षाचा एक तरुण होता. त्याच्या पुढाकाराने १९७७ च्या सप्टेंबरात शहराच्या जुन्या मध्यभागाचे चार भाग करण्यात आले. प्रत्येक भागात मोटार बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावरून आत येऊ शकत होती, दुकानाच्या दाराशी जाऊ शकत होती, माल उतरवू शकत होती. मात्र एका भागातून शेजारच्या भागात तिला थेट जाता येत नव्हते. त्यासाठी पुन्हा बाहेर पडायचे, वळसा घालायचा आणि दुसरीकडून आत शिरायचे. सायकल, पायी चालणारा आणि बस यांना ही आडकाठी नव्हती. ते सरळ जात. फलक, दुभाजक आणि रस्त्यांच्या दिशा बदलून ही योजना रातोरात अमलात आली.

या योजनेचे मर्म सोपे आहे आणि तरीही ते आपल्याकडे कुणाला सहज पटत नाही. ख्रोनिंगनने मोटारीला बंदी केली नाही. पेट्रोलवर कर लावला नाही, सायकलीचे फायदे सांगणारी भाषणे केली नाहीत, लोकांच्या आरोग्याची काळजीही वाहिली नाही. त्याने फक्त वळशाची मालकी बदलली. आम्ही मंडई ते कसबा जो वळसा सायकलीच्या गळ्यात बांधला, तोच त्यांनी मोटारीच्या गळ्यात बांधला, आणि मग दीड किलोमीटरसाठी मोटार काढणे हे पाप वगैरे न ठरता निव्वळ गैरसोयीचे ठरले. दुकानदार खवळले होते. गिऱ्हाईक तुटेल, मध्यवस्ती ओस पडेल, असे सारे आक्षेप तिथेही घेतले गेले, आणि काही व्यवसाय खरोखरच बाहेर गेले. ही योजना पुसून टाकावी असे मात्र पुढच्या कारभाऱ्यांना वाटले नाही. आज त्या शहरातल्या आतल्या फेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक सायकलने होतात.

याच दशकात डच सरकारने दुसराही एक प्रयोग केला आणि तो फसला. त्याची हकीकत आपल्या शहरांच्या कारभाऱ्यांनी अवश्य वाचावी. टिलबुर्ख आणि हेग या दोन शहरांत सरकारच्या पैशाने एकेक देखणा, रुंद, वेगळा सायकलमार्ग बांधण्यात आला. ज्यांची वाट त्या बाजूने होती ते सायकलस्वार तिथे आले, त्यांना बरेही वाटले. पण शहरातले सायकल चालवणारे लोक म्हणावे तसे वाढले नाहीत. त्यानंतर डेल्फ्ट शहराने उलट विचार केला. एकच राजमार्ग बांधण्याऐवजी १९७९ नंतरच्या काही वर्षांत तिथे सगळ्या शहरभर तीन पातळ्यांचे जाळे विणले गेले: शहर ओलांडणारे मार्ग, त्यांना जोडणारे वस्त्यांचे मार्ग आणि त्यांना येऊन मिळणाऱ्या घरापासच्या वाटा. बहुतेक कामे किरकोळ होती. कुठे एक छोटा पूल, कुठे रेल्वेखालचा बोगदा, कुठे एकदिशा गल्लीत सायकलीला उलट जाण्याची मुभा. त्या शहरात सायकलीचा वापर वाढला. सायकलमार्गाची किंमत त्याच्या लांबीत नसून त्याच्या सांध्यांत असते, हे तिथे कळून चुकले.

पुण्यात आम्ही टिलबुर्खचा धडा नकळत पुन्हा गिरवला आणि तोही पदरमोड करून. २००६ साली कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातला पहिला बीआरटी (बससाठी राखीव मार्गिकेचा) प्रयोग सुरू झाला तेव्हा बसमार्गासोबत सायकलमार्गही आखले गेले. पुढे इतर रस्त्यांवरही तुकड्या-तुकड्यांनी ते आले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, त्यात आठशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या जाळ्याची कल्पना होती, आणि तो आराखडा कागदावर खरोखरच चांगला आहे. कागद आणि रस्ता यांच्यामध्ये काय होते ते पाहायचे असेल तर माझ्या नेहमीच्या वाटेवरचा एक तुकडा पुरेसा आहे. लाल पेव्हर ब्लॉकचा हा पट्टा पदपथाच्या उंचीवर सुरू होतो. सुरुवातीलाच, मोटारसायकली वर येऊ नयेत म्हणून, लोखंडी खांब इतक्या जवळ रोवले आहेत की भाजीची पिशवी अडकवलेले हँडल त्यांतून जात नाही. पुढे विजेची डीपी, मग गुलमोहराचे खोड, मग बसथांबा. बसथांब्यावरची माणसे साहजिकच पट्ट्यावरच उभी असतात, कारण त्यांना दुसरी जागा दिलेलीच नाही. प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी पट्टा खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. शेवटी चौक दिसू लागतो, जिथे सायकलवाल्याला मदतीची खरी गरज असते, आणि चौकाच्या अलीकडेच तो पट्टा एका उंच कडेवर संपतो. उतार नाही. सायकल उचलायची, खाली ठेवायची आणि डंपरच्या चाकाशेजारी उभे राहायचे. मग हा पट्टा कुणी वापरत नाही, असा निष्कर्ष काढला जातो आणि तिथे चारचाकी लागू लागतात.

फाटकाजवळच्या त्या चढ-उताराविषयी थोडे अधिक सांगते, कारण दोन शहरांतला फरक मला तिथेच सर्वांत स्पष्ट दिसला. उट्रेख्तमध्ये छोटी गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथे पदपथ आणि सायकलमार्ग खाली उतरत नाहीत. ते त्याच उंचीवर, त्याच फरशीत, त्याच रंगात पुढे जातात, आणि मोटारीला छोट्याशा उतरंडीवरून चढून, ते ओलांडून, पलीकडे उतरावे लागते. पहिल्यांदा अशा ठिकाणी एक मोटार गल्लीतून येताना पाहून मी सवयीने दोन्ही ब्रेक दाबले आणि पाय टेकला. मागून येणारी बहीण माझ्यावर आदळता आदळता राहिली. ‘ताई, थांबू नकोस गं, गाडीच थांबेल,’ ती म्हणाली. मोटार खरेच थांबली होती, आणि चालकाच्या चेहऱ्यावर उपकार केल्याचा भाव नव्हता. चढावर त्याला वेग कमी करावाच लागला होता. तिथे पोलीस नव्हता, सिग्नल नव्हता, ‘सावकाश चालवा’ अशी पाटीही नव्हती. सगळे काम ती चार बोटांची उंची करत होती. ज्या शिस्तीचे आपण इतके गोडवे गातो, तिच्यातला बराचसा भाग अशा फरशीत आणि कडेच्या दगडात बसवलेला असतो.

मोठ्या चौकांतही हेच तत्त्व आहे. कोपऱ्यावर एक छोटे बेट असते. त्यामुळे वळणारी मोटार आतला कोपरा कापू शकत नाही, तिला काटकोनात आणि हळू वळावे लागते, आणि वळून झाल्यावर सायकलस्वार तिच्या अगदी समोर येतो, कुशीत दडत नाही. सायकलची थांबण्याची रेघ मोटारीच्या रेघेच्या पुढे असते. आपल्याकडच्या चौकांत डावीकडे वळणाऱ्यांना अखंड मोकळा मार्ग देण्याची पद्धत आहे आणि त्यासाठी कोपरे गोलाकार कापले जातात. सरळ जाऊ पाहणारा सायकलवाला आणि रस्ता ओलांडू पाहणारी म्हातारी या दोघांची त्या गोलाईवर सारखीच फरफट होते.

सायकल लावायची कुठे, हा प्रश्न क्षुल्लक समजला जातो. उट्रेख्तच्या रेल्वे स्थानकाखाली १२,५०० सायकलींचा तळ आहे. २०१९ मध्ये तो पूर्ण झाला. सायकल चालवतच आत शिरायचे, कोणत्या रांगेत जागा आहे ते दिव्यांवर पाहायचे, सायकल लावायची आणि जिन्याने फलाटाकडे निघायचे. पहिले चोवीस तास फुकट. त्या देशात रेल्वेने जाणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक घरापासून स्टेशनपर्यंत सायकलनेच येतात, आणि सायकल व रेल्वे यांची अशी सांगड घातली गेल्यामुळेच मोटारीशिवाय पन्नास किलोमीटरवरच्या नोकरीला जाता येते. त्याच शहराने जुन्या खंदकाचे पाणी आटवून केलेला मोटारमार्ग उखडला आणि २०२० मध्ये त्यात पुन्हा पाणी सोडले. आज तिथून होड्या जातात. एवढ्या टोकाला जाण्याची अपेक्षा मी आपल्याकडून ठेवत नाही. मेट्रोच्या प्रत्येक स्थानकाच्या दाराशी, पहारेकऱ्याच्या नजरेसमोर, छपराखाली दोनशे सायकलींची सोय असावी, एवढ्यावर माझे समाधान होईल.

पुण्यात २०१७ च्या अखेरीपासून सार्वजनिक सायकलींची लाट आली होती. फोनवर कुलूप उघडायचे, सायकल न्यायची आणि काम झाले की सोडून द्यायची. काही महिने पिवळ्या, केशरी, हिरव्या सायकली सगळीकडे दिसत. मग त्या झाडांवर, नदीपात्रात, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये दिसू लागल्या, आणि दोनेक वर्षांत दिसेनाशा झाल्या. इथेही शिस्तीचे पालुपद आळवून झाले. परंतु ‘कुठेही सोडा’ म्हणून दिलेली सायकल लोकांनी कुठेही सोडली, यात विस्मय कसला? चालवायला सलग रस्ता नाही आणि ठेवायला जागा नाही, अशा शहरात हजारो सायकली ओतणे म्हणजे विहीर न खणता दोर आणि पोहरे वाटण्यासारखे होते.

हवामानाचा आक्षेप उरतो. युरोपात थंडी, आपल्याकडे एप्रिल-मे. याला उत्तर म्हणून मी स्पेनच्या दक्षिणेतल्या सेव्हियाचे नाव घेते, जिथे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर सहज जातो आणि जिथे सायकलची परंपरा म्हणावी अशी नव्हतीच. २००६ पासून अवघ्या काही वर्षांत त्या शहराने सुमारे ऐंशी किलोमीटरचे सलग, मोटारींपासून वेगळे केलेले जाळे उभे केले, आणि त्यासाठी जागा काढली ती मुख्यतः रस्त्याकडेच्या मोटारतळांतून. एकूण फेऱ्यांत एक टक्काही नसलेला सायकलीचा वाटा बघता बघता सहा-सात टक्क्यांच्या घरात गेला. जाळे एकदम आणि सलग बांधले, हे यातले कळीचे. वर्षाला दोन किलोमीटर या गतीने ते घडले नसते. आपल्या पावसाचे म्हणाल, तर डच पाऊस आडवा येतो आणि वर्षभर येतो. ऊन मात्र खरे आहे. त्यावरचा उपाय झाडे हा आहे, आणि रस्तारुंदीत आपण पहिला बळी त्यांचाच देतो.

आता एक गोष्ट, जी सायकलप्रेमी मंडळींना कदाचित रुचणार नाही. रविवारी पहाटे सिंहगडाच्या दिशेने निघणारे, घट्ट रंगीत कपड्यांतले, गिअरच्या सायकलींवरचे लोक मला आवडतात. पण शहराने सायकलमार्ग बांधताना त्यांना डोळ्यांसमोर ठेवू नये. ते कोणत्याही रस्त्याने जातील. पुण्यात आजही रोज, नाइलाजाने म्हणा, सायकल चालवणारा माणूस निराळा आहे. रात्रपाळी करून परतणारा सुरक्षारक्षक, वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, बांधकामावर जाणारा सुतार, चार घरची कामे उरकणारी बाई. त्यांच्या सायकलीला गिअर नसतात, मागे कॅरियरवर डबा बांधलेला असतो आणि मडगार्ड खडखडत असते. त्यांच्या वाटा सिंहगडाकडे जात नाहीत; त्या वस्तीपासून सोसायटीपर्यंत, चाळीपासून कारखान्यापर्यंत जातात, आणि नेमक्या उड्डाणपुलांच्या व हमरस्त्यांच्या आडव्या येतात. त्यांना विचारून आखलेला सायकलमार्ग पुण्यात अजून माझ्या पाहण्यात नाही. ते सभांना येत नाहीत, निवेदने देत नाहीत, आणि चार पैसे साठले की सर्वांत आधी सायकल विकतात. सायकल ही गरिबीची खूण आहे असे आपण म्हणतो. परंतु रस्ता इतका धोक्याचा ठेवायचा की ज्याला पर्याय आहे तो तिथून पळून जाईल, आणि मग उरले ते गरीबच म्हणून सायकलीला नाव ठेवायचे, हा क्रम आपणच लावला आहे.

विशेष म्हणजे या शहराला हे सगळे कळत नाही असे नाही. डेक्कनवरून नारायण पेठेकडे उतरणारा काकासाहेब गाडगीळ पूल, म्हणजे आपला झेड ब्रिज, हा फक्त दुचाकींसाठी आहे. चारचाकीने लकडी पुलावरून किंवा आणखी दुरून जावे आणि दुचाकीने सरळ नदी ओलांडावी, असा निर्णय इथे कुणीतरी घेतला, तो अमलात आणला, आणि पुणेकरांनी तो निमूटपणे मान्य केला. (तिथे संध्याकाळी कठड्याला टेकून उभ्या राहणाऱ्या जोडप्यांविषयी पुणेकर जितके बोलतात, त्याच्या शतांशानेही या निर्णयाविषयी बोलत नाहीत.) वळसा कुणाच्या गळ्यात बांधायचा हे ठरवता येते, याचा याहून जवळचा पुरावा शोधायला ख्रोनिंगनला जायची गरज नाही.

२०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवण्याची प्रथा पडली. त्या दिवशी मोटारी आजूबाजूच्या रस्त्यांनी जातात, दुकाने चालतात, मुले रस्त्याच्या मध्यभागी रांगोळी पाहत उभी राहतात. पेठांमध्ये हे वर्षभर करायचे तर रस्ता बंदही करावा लागणार नाही. पेठांभोवतीचे मोठे रस्ते आणि नदीकाठ यांना बाहेरचे वर्तुळ समजून आतल्या पेठांचे चार-पाच भाग करावेत. मोटार प्रत्येक भागात बाहेरून आत यावी आणि त्याच बाजूने बाहेर जावी. भागांच्या सीमेवरच्या गल्ल्यांच्या तोंडाशी तीन-तीन खांब रोवावेत, हँडल आणि भाजीची पिशवी आरामात जाईल इतक्या अंतरावर. आणि एकदिशा रस्त्यांवर सायकलीला उलट दिशेने जाण्यासाठी दगडी कडेने वेगळा केलेला एक हमरस्त्यालगतचा पट्टा द्यावा. खर्च उड्डाणपुलाच्या एखाद्या खांबाएवढाही येणार नाही. अडचण व्यापारी संघटनांच्या पहिल्या बैठकीत येईल, आणि त्या बैठकीला ख्रोनिंगनच्या दुकानदारांचे १९७७ चे आक्षेप मराठीत भाषांतर करून नेले, तर निदान नवे आक्षेप शोधण्यात कुणाचा वेळ जाणार नाही.